रेसिडेंट ईव्हिल : भीतीसाठी ओळखली जाणारी गेम मालिका ॲक्शनकडे का वळली आणि परत का फिरली?

'रेसिडेंट ईव्हिल' हे नाव घेतलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर आधी मिला योव्होविच येते. दोन्ही हातांत बंदुका, मागे स्फोट आणि समोर झॉम्बींची झुंड. २००२ ते २०१६ या काळात आलेल्या सहा चित्रपटांनी ही प्रतिमा पक्की केली. पण हे चित्रपट ज्या व्हिडिओ गेमवरून निघाले, त्या पहिल्या गेममध्ये असा पराक्रम करायला गेलात तर काही खोल्या ओलांडायच्या आतच बंदूक रिकामी होईल आणि पुढचा झॉम्बी तुमचा गळा धरेल. तो गेम लढण्याचा नव्हताच. जमेल तिथे लढाई टाळण्याचा होता.

जपानमधल्या ओसाका शहरातल्या 'कॅपकॉम' कंपनीने ही मालिका १९९६ साली सुरू केली. जपानमध्ये तिचं नाव 'बायोहझार्ड'. आजवर सगळे गेम मिळून १७ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. या प्रवासात एक वेळ अशी आली की भीतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतून भीतीच जवळजवळ गायब झाली. विक्री मात्र तेव्हाही लाखांतच होती. त्यामुळे 'गेम बिघडला आणि लोकांनी नाकारला' इतकी ही गोष्ट सरळ नाही.

सर्व्हायव्हल हॉरर म्हणजे काय?

पहिला रेसिडेंट ईव्हिल सुरू होताना 'सर्व्हायव्हल हॉरर'च्या दुनियेत तुमचं स्वागत आहे, अशा अर्थाची ओळ पडद्यावर यायची. तिथून हे नाव या प्रकारच्या गेमना कायमचं चिकटलं. प्रकार मात्र त्याआधीचा आहे. कॅपकॉमनेच १९८९ मध्ये 'स्वीट होम' नावाचा गेम काढला होता. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर तो आधारलेला होता. झपाटलेल्या बंगल्यात अडकलेली पाच माणसं, हाताशी मोजक्या वस्तू, आणि एखादं पात्र मेलं की ते कायमचं गेलं. फ्रान्समधून १९९२ मध्ये आलेल्या 'अलोन इन द डार्क'नेही हाच रस्ता धरला होता.

या गेममधली भीती राक्षसाच्या दिसण्यात कमी आणि हिशेबात जास्त असते. समोर एक झॉम्बी आहे. त्याला पाडायला पाच-सहा गोळ्या लागतील. जवळ आठ आहेत. पुढच्या खोलीत काय आहे ते माहीत नाही. आता मारायचं, की भिंतीला धरून निसटायचं? महिनाअखेरीला पाकीट उघडून बघणाऱ्याला जी धाकधूक होते, तशीच काहीशी ही असते. पाकीट भरलेलं असेल तर झॉम्बी कितीही भयानक दिसो, फरक पडत नाही.

वाडा, टाइपरायटर आणि रॉकेल

पहिल्या गेमचे दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. 'स्वीट होम' बनवणारे तोकुरो फुजिवारा निर्माते होते. गोष्ट साधी आहे. अमेरिकेतल्या रकून सिटी या काल्पनिक शहराजवळच्या जंगलात पोलिसांचं एक विशेष पथक जातं, हल्ला होतो आणि उरलेले लोक एका जुन्या वाड्यात आसरा घेतात. वाड्याखाली 'अंब्रेला' या औषध कंपनीची गुप्त प्रयोगशाळा असते. तिथल्या विषाणूने माणसांचे झॉम्बी झालेले असतात.

खरी करामत नियमांमध्ये होती. जिल या पात्राला एका वेळी आठ वस्तू बाळगता यायच्या, ख्रिसला फक्त सहा. चावी घेतली तरी एक जागा गेली, औषधी पाला घेतला तरी एक जागा गेली. बाकीचं सामान ठरावीक खोल्यांमधल्या पेटीत ठेवून यायचं. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधावा लागे, आणि प्रत्येक सेव्हला शाईची एक रिबन खर्ची पडे. म्हणजे सुरक्षित वाटणं हीसुद्धा मोजून मिळणारी वस्तू होती.

कॅमेऱ्याचीही एक गोष्ट आहे. तेव्हाच्या प्लेस्टेशनची ताकद बेताची होती. म्हणून खोल्या आधीच बनवून ठेवलेल्या स्थिर चित्रांच्या होत्या आणि कॅमेरा एका कोपऱ्यात खिळवलेला असे. वळणापलीकडून पाय घासत येणारं काहीतरी ऐकू येतंय, पण कॅमेरा वळत नाही. दार उघडताना पडद्यावर फक्त काळोख आणि सावकाश उघडणारं दार दिसायचं. मागे यंत्र पुढची खोली लोड करत असायचं, खेळणाऱ्याला मात्र ते दोन-चार सेकंद जड जायचे. तांत्रिक अडचणीतून भीती कशी निघते, याचं याहून चांगलं उदाहरण गेमच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पात्र चालवायची पद्धतही अवघडच होती. रणगाड्यासारखं आधी जागेवर वळायचं, मग पुढे जायचं. खिडकीची काच फोडून कुत्रे आत आले की बोटं गोंधळलीच.

१९९८ चा दुसरा भाग हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केला. तो मोठा होता, शहरभर पसरलेला होता आणि तुफान गाजला. १९९९ च्या तिसऱ्या भागात 'नेमेसिस' नावाचा राक्षस खेळणाऱ्याच्या मागावर असायचा. बंदुकांचा आवाज हळूहळू वाढत होता, पण सांगाडा तोच राहिला.

जुन्या पद्धतीचा कळस म्हणजे २००२ चा रिमेक. निन्टेंडोच्या गेमक्यूबसाठी मिकामींनी पहिलाच गेम पुन्हा बनवला आणि त्यात एक दुष्ट नियम घातला. झॉम्बीला मारलं, पण त्याचं डोकं उडालं नाही किंवा प्रेत जाळलं नाही, तर काही वेळाने तो पुन्हा उठतो. लाल डोक्याचा, नखं वाढलेला आणि पळत येणारा. जाळायला रॉकेल हवं. ते मोजकंच, शिवाय त्याचा फ्लास्क खिशातली एक जागा अडवणार. आता मारणंसुद्धा महाग पडू लागलं. हिशेबातून भीती निर्माण करण्याची ही मालिकेतली सगळ्यात टोकाची आणि सगळ्यात देखणी पायरी आहे.

मग बदलायची गरज का पडली?

कारण हा रिमेक अपेक्षेइतका विकला गेला नाही. समीक्षकांनी कौतुक केलं, पण गेमक्यूबचे ग्राहकच प्लेस्टेशन २ च्या तुलनेत फार कमी होते आणि कॅपकॉमने मालिका त्या यंत्राशी बांधून ठेवली होती. मिकामींनी पुढे मुलाखतीत सांगितलं की रिमेक चांगला चालला असता तर चौथा भाग अधिक भीतिदायक झाला असता. तो चालला नाही, म्हणून त्यांनी ॲक्शन वाढवली.

चौथ्या भागाचा जन्मही सोपा नव्हता. कामिया यांच्या हाताखाली बनलेली एक आवृत्ती मालिकेपासून इतकी लांब गेली की तिचा वेगळाच गेम झाला. तोच २००१ चा 'डेव्हिल मे क्राय'. त्यानंतर एक आवृत्ती अशी आली होती की अंधाऱ्या घरात हातात आकडा घेतलेलं भूत नायकाच्या मागे लागतं. ती २००३ मध्ये प्रेक्षकांना दाखवलीसुद्धा आणि नंतर गुंडाळली. शेवटी मिकामींनी स्वतः दिग्दर्शन हातात घेतलं.

चौथ्या भागाने नेमकं काय बदललं?

जानेवारी २००५ मध्ये आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'ने कॅमेरा कोपऱ्यातून काढून नायकाच्या खांद्यामागे आणला. बंदूक रोखली की लेझरचा लाल ठिपका दिसे. आता कुठे मारायचं हे तुम्ही ठरवायचं. गुडघ्यावर गोळी झाडली की शत्रू अडखळतो, मग धावत जाऊन लाथ घालायची. झॉम्बी गेले आणि त्यांच्या जागी स्पेनमधल्या एका खेड्यातले परजीवी किड्याने झपाटलेले गावकरी आले. ते बोलतात, शिड्या लावतात, कुऱ्हाडी फेकतात, वेढा घालतात. मेलेल्या शत्रूंकडून गोळ्या आणि पैसे मिळतात. वाटेत एक व्यापारी भेटतो, तो बंदुका विकतो आणि सुधारूनही देतो. टाइपरायटर राहिला, रिबन मात्र गेली.

कागदावर वाचलं तर हा सरळ ॲक्शन गेम वाटतो. प्रत्यक्षात तो भीती सोडत नाही. सुरुवातीच्या गावातली लढाई बघा. डोक्यावर पोतं घातलेला आणि हातात करवत घेतलेला माणूस धावून येतो, घराच्या खिडक्या फुटतात, गोळ्या संपत येतात, आणि एकदम चर्चची घंटा वाजते तशी सगळी माणसं हत्यारं टाकून निघून जातात. या सगळ्यात एक जुनं बंधन मिकामींनी शाबूत ठेवलं होतं, ते म्हणजे बंदूक रोखली की नायक जागेवर खिळतो. चालता चालता गोळी झाडता येत नाही. शिवाय खेळणारा किती चांगला खेळतोय हे बघून गेम गुपचूप स्वतःची काठिण्यपातळी वर-खाली करत असे. म्हणून गोळ्या नेहमी जेमतेम पुरल्या असंच वाटायचं.

या गेमला समीक्षकांचे सरासरी १०० पैकी ९६ गुण मिळाले. खांद्यामागचा कॅमेरा पुढे 'गिअर्स ऑफ वॉर'पासून 'डेड स्पेस'पर्यंत सगळ्यांनी उचलला. तोल कुठे सांभाळला होता, हे मात्र उचलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही. त्यात खुद्द कॅपकॉमही होती.

दोन खेळाडू, आणखी बंदुका

मार्च २००९ मध्ये पाचवा भाग आला तेव्हा मिकामी कंपनी सोडून गेले होते. आफ्रिकेतल्या किजुजू या काल्पनिक भागात, भर उन्हात गोष्ट घडते. ख्रिससोबत शेवा अलोमार ही जोडीदार कायम असते. तिला दुसरा खेळाडू चालवतो, नाहीतर संगणक. अंधार गेला, त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकटेपणा गेला. शेजारी मित्र बसला असेल आणि दोघं मिळून गोळ्या वाटून घेत असाल तर भीती टिकणं कठीणच. शेवटी ज्वालामुखीत ख्रिस एक प्रचंड दगड बुक्क्या मारून ढकलतो. हे दृश्य आजही इंटरनेटवर चेष्टेचा विषय आहे.

२००७ च्या ट्रेलरपासूनच या गेमवर वंशभेदाची टीका झाली. गोरा नायक कृष्णवर्णीय गावकऱ्यांच्या जमावावर गोळ्या झाडतो, हे चित्र अनेकांना खटकलं. जमावच्या जमाव आडवा करणारा ॲक्शन गेम करायचा ठरल्यावर तो जमाव कोणाचा, हा प्रश्न टळणार नव्हता.

तरीही पाचवा भाग चांगला जमून आलेला गेम होता आणि मित्रासोबत खेळायला मजेदार होता. तो मालिकेत अनेक वर्षं सर्वाधिक विकला गेलेला गेम राहिला. कंपनीच्या हिशेबाने प्रयोग यशस्वी झाला होता. म्हणून सहावा भाग आणखी मोठा करायचं ठरलं.

सहाव्या भागात एवढं काय बिनसलं?

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या सहाव्या भागावर सहाशेहून अधिक लोकांनी काम केलं होतं. त्यात वेगवेगळ्या नायकांच्या चार गोष्टी होत्या. लिऑनची थोडी भीतीची, ख्रिसची युद्धपटासारखी, जेकची पळापळीची आणि एडाची हेरगिरीची. सगळ्यांना खूश करायचा बेत होता. आता चालता चालता गोळी झाडता येत होती, जमिनीवर लोळता येत होतं, घसरत जाऊन लाथ मारता येत होती. विमानं कोसळतात, गाड्या उडतात, हेलिकॉप्टर फिरतात. चौथ्या भागाने जपलेलं शेवटचं बंधनही सुटलं.

हे सगळं बेसावधपणे झालं नव्हतं. मालिकेचे एक निर्माते मासाचिका कावाता यांनी त्याच वर्षी एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं की 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या विक्रीशी तुलना केली तर सर्व्हायव्हल हॉररची बाजारपेठ फारच छोटी आहे, त्यामुळे मुख्य मालिकेला ॲक्शनकडे जावं लागेल. नव्या यंत्रांवर गेम बनवायचा खर्च अनेक पटींनी वाढला होता आणि पाश्चात्त्य बाजारात मागे पडण्याची धास्ती तेव्हा जपानी कंपन्यांना होतीच. या पार्श्वभूमीवर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

मग आकडे आले. पहिल्याच खेपेला ४५ लाख प्रती दुकानांत गेल्या. मार्च २०१३ पर्यंत ७० लाख प्रती विकल्या जातील असा कॅपकॉमचा अंदाज होता. तो आधी ६० लाखांवर आणि मग ५० लाखांवर आणावा लागला. समीक्षकांनीही हात आखडला. एक्सबॉक्स आवृत्तीला १०० पैकी ७० गुणही मिळाले नाहीत. ५० लाखांच्या आसपास प्रती म्हणजे अपयश नव्हे. पण 'कॉल ऑफ ड्यूटी'चं गिऱ्हाईक गाठण्यासाठी खर्च केला, ते गिऱ्हाईक आलं नाही आणि जुनं गिऱ्हाईक नाराज झालं, असा हा तिढा होता. ज्याला युद्धाचा गेम हवा होता, त्याने युद्धाचाच गेम घेतला.

सहाव्या भागाला आज काही चाहते नव्याने दाद देतात, आणि नुसतं मारामारीचं तंत्र बघितलं तर ती दाद रास्तही आहे. पण ते तंत्र गेम नीट शिकवतच नाही, आणि भीती वाटावी असे प्रसंग आले की नायक इतका ताकदवान असतो की दचकायचं कारण उरत नाही.

असं फक्त याच मालिकेचं झालं का?

नाही. 'डेड स्पेस' ही अंतराळयानात घडणारी भयमालिका २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ च्या तिसऱ्या भागात तिनेही दोन खेळाडू आणि भरपूर बंदुकांचा मार्ग धरला. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या प्रकाशक कंपनीच्या अधिकाऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं की असा गेम टिकवायला ५० लाखांच्या आसपास खेळणारे हवेत. तितके आले नाहीत. मूळ मालिकेचा चौथा भाग निघाला नाही आणि २०१७ मध्ये तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला वेगळंच घडत होतं. स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीने २०१० मध्ये 'ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट' काढला. त्यात हत्यारच नव्हतं. दिवा, तेल आणि लपायला कपाटं, बस. २०१३ मध्ये कॅनडातून 'आउटलास्ट' आला. त्यात हातात फक्त व्हिडिओ कॅमेरा होता. लोक हे गेम खेळताना किंचाळतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागले आणि ते बघून आणखी लोक विकत घेऊ लागले. घाबरायला पैसे मोजणारे लोक होते. मोठ्या कंपन्या त्यांच्यासाठी गेम बनवत नव्हत्या, इतकंच.

परतीचा रस्ता

जानेवारी २०१७ मध्ये सातवा भाग आला. दिग्दर्शक होते कोशी नाकानिशी आणि निर्माते होते मासाचिका कावाता. हो, बाजारपेठ छोटी आहे म्हणणारे तेच. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दलदलीच्या काठावर एक मोडकळीला आलेलं घर, त्यात बेकर नावाचं विकृत कुटुंब आणि बेपत्ता बायकोला शोधत आलेला इथन हा सामान्य माणूस. जागतिक कट नाही, विमानं नाहीत. कॅमेरा थेट इथनच्या डोळ्यांत नेला, त्यामुळे मागे काय आहे हे वळल्याशिवाय कळत नाही. वस्तूंच्या मोजक्या जागा परत आल्या. सगळ्यात कठीण पातळीवर सेव्ह करायला कॅसेट लागते. शाईच्या रिबनचीच ही नवी आवृत्ती.

विक्री लगेच उसळली असं नाही. मार्चअखेरीस ४० लाखांचं लक्ष्य होतं, झाली ३५ लाख. सहाव्या भागाहून कमीच. पण हा गेम वर्षानुवर्षं विकला जात राहिला आणि आज दीड कोटीच्या पुढे आहे.

मात्र भीती परत आली ती कॅमेरा बदलला म्हणून, असं समजणं घाईचं ठरेल. २०१९ मध्ये दुसऱ्या भागाचा रिमेक आला. त्यात कॅमेरा चौथ्या भागाचाच आहे, खांद्यामागचा. चालता चालता गोळीही झाडता येते. तरी पोलीस ठाण्यात फिरताना घशाला कोरड पडते, कारण झॉम्बी डोक्यात तीन-चार गोळ्या घालूनही उठतो, गोळ्या मोजक्याच आहेत, आणि 'मिस्टर एक्स' नावाचा न मरणारा उंच इसम वरच्या मजल्यावर फिरत असल्याचा बुटांचा आवाज येत असतो. हिशेब परत आला तशी भीती परत आली. जुन्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं खांद्यामागच्या कॅमेऱ्याला दिलेल्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या, हे या रिमेकने दाखवून दिलं.

त्यानंतर लंबक पुन्हा थोडा हलला. २०२० चा तिसऱ्या भागाचा रिमेक जास्त ॲक्शनचा आणि आखूड निघाला. २०२१ च्या 'व्हिलेज'मध्ये व्यापारी परतला, बंदुका वाढल्या. सातवा भाग काहींना झेपण्यापलीकडे भीतिदायक झाला होता, म्हणून धार थोडी कमी केली, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलं. तरी त्यातला बाहुल्यांच्या घराचा भाग लोक आजही दिवे लावून खेळतात. तिथे गेम तुमची सगळी हत्यारं काढून घेतो. २०२३ मध्ये चौथ्या भागाचा रिमेक आला. त्यात नायक चाकूने करवतीचा वार अडवू शकतो, पण चाकू झिजतो आणि तुटतो.

२०२६ च्या फेब्रुवारीतल्या 'रेसिडेंट ईव्हिल रेक्विएम'चं दिग्दर्शन पुन्हा नाकानिशींकडे आहे. गोष्ट रकून सिटीत परतते. या वेळी दोन पात्रं आहेत. एक ग्रेस ॲशक्रॉफ्ट, टेबलावर बसून माहितीचं विश्लेषण करणारी एफबीआयची कर्मचारी, हात थरथरणारी. दुसरा लिऑन केनेडी, तीस वर्षं झॉम्बी मारून सरावलेला. तिचा भाग लपण्याचा आणि जपून वापरण्याचा, त्याचा भाग कुऱ्हाड आणि बंदुकांचा. गेम पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळायचा की खांद्यामागून, हे खेळणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन ठरवायचं.